ओढ्याकाठी लावलेल्या ३१२ रोपांपैकी ४७ उरली. यंदा काय वेगळं करू?

ओढ्याकाठची (१४ एप्रिल)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे आणि माझ्यासाठी जिवाला लागलेला आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचा चौदा जणांचा गट आहे. दोन शिक्षक, चार-पाच शेतकरी, कॉलेजची मुलं, एक निवृत्त पोस्टमन. दोन वर्षं आम्ही एका ओढ्याच्या साधारण चारशे मीटर काठावर काम करतोय. जुनी माणसं सांगतात की हा ओढा जानेवारीपर्यंत वाहायचा. आता पाऊस संपला की दीड-दोन महिन्यांत नुसती डबकी उरतात. काठावरची मोठी झाडं तुटली, पात्रातली वाळू गेली आणि मोकळ्या जागेत टणटणी माजली (कुणी घाणेरी म्हणतात तीच). डावा काठ तर दर पावसाळ्यात हातभर आत सरकतो. एका शेतकऱ्याची बांधावरची विहीर आता ढासळत्या काठापासून जेमतेम वीस पावलांवर आली आहे.

मागच्या जुलैत एका संस्थेने रोपं दिली. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, कडुनिंब आणि थोडे बहावे. त्या दिवशी शंभरावर माणसं आली होती. दीड-दीड फुटाचे खड्डे, दहा फुटांवर एक, सरळ ओळीत, अगदी उतारावरसुद्धा. दोन तासांत ३१२ रोपं लागली. ऑगस्टच्या पुरात खालच्या दोन ओळी खड्ड्यांसकट गेल्या. मग शेळ्या आल्या, मग मार्चचं ऊन. पाणी घालायला फेब्रुवारीत नऊ जण यायचे, मार्चअखेर आम्ही चौघंच उरलो. परवा वही घेऊन सगळा काठ चालले. ४७ जिवंत. त्यातलीही किती मे काढतील सांगता येत नाही.

एक वाळलेलं अर्जुनाचं रोप उपटून पाहिलं. उपटावं लागलंच नाही, दोन बोटांनी वर आलं. मुळांना पिशवीचा आकार जसाच्या तसा होता. तळाशी मुख्य मूळ दोन वेढे घेऊन गुंडाळलेलं, आणि त्या गोळ्याबाहेरच्या मातीत एकही मूळ गेलेलं नव्हतं. नऊ महिने ते झाड जमिनीत उभं होतं, पण जमिनीला लागलंच नव्हतं. ते हातात घेऊन मी बराच वेळ काठावर बसून होते.

आता तीच संस्था यंदा हजार रोपं देते म्हणतेय. होकार मे संपायच्या आत कळवायचा आहे. गटात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, हजार लावली तर निदान दीडशे जगतील. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं हेही नीट सांगता येत नाही. ढासळणाऱ्या उतारावर लावावं तरी काय? टणटणी आधी सगळी काढायची का? आणि इतक्या थोड्या माणसांनी उन्हाळा कसा काढायचा? ज्यांनी स्वतः ओढ्याकाठी हात घातलाय त्यांनी कृपया सांगा.

चराईवाला (१४ एप्रिल)

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या शेळ्या आहेत, म्हणून शेळ्यांच्या बाजूने आधी बोलतो.

उन्हाळ्यात जनावर ओढ्यावर येतं ते पाण्यासाठी. वाटेत हिरवं दिसलं की तोंड घालतं. तुम्ही चारशे मीटर काठ बंद केला तर एका रात्रीत कुंपण मोडेल, आणि मोडणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याच्या जनावराला पाणी पाजायचंय. एक वाट मोकळी सोडा. काठ जिथे सपाट आणि दगडी आहे तिथे सोडा. जनावरांनी स्वतः पाडलेली पायवाट असेल तर तीच ठेवा, कारण उतरायला सगळ्यात सोपी जागा त्यांना बरोबर कळते. वाट दगडी असली की खुरांनी काठही फुटत नाही.

दुसरं म्हणजे तिथे नेमकी कोणाकोणाची जनावरं येतात हे शोधून त्यांना कामाच्या आधी भेटा. रोपं लावून झाल्यावर भेटलात तर ते भांडण होतं, आधी भेटलात तर सल्लामसलत होते. माझे वडील एका गटाबरोबर असेच जोडले गेले. त्यांना कोणी विचारलं की काका, तुम्ही कुठून उतरता? तेवढ्यावर ते पुढची दोन वर्षं स्वतःहून राखण करत होते.

रोपाभोवती बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांद्या लावायच्या असतील तर बुडखे जमिनीत वीतभर गाडा आणि काटे बाहेर तोंड करून ठेवा. नुसत्या टेकवून ठेवलेल्या फांद्या शेळी शिंगाने बाजूला करते. निर्गुडीला जनावर सहसा तोंड लावत नाही. करंजही बहुतेक वेळा सोडतं. जांभूळ आणि उंबराचा कोवळा पाला मात्र वाचवावाच लागतो.

माती_मुळं (१५ एप्रिल)

ओढ्याकाठची, ते पिशवीच्या आकाराचं मूळ मीही हातात धरून बसलो आहे. अकरा वर्षांपूर्वी, आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: यंदा हजार रोपांना नाही म्हणा. चौघांना जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच घ्या. आमच्याकडे हिशोब असा बसला की उन्हाळ्यात हमखास येणारा एक माणूस पंचवीस-तीस रोपं सांभाळतो, त्यापलीकडे नाही. जुलैत किती माणसं आली यावर रोपांचा आकडा ठरवू नका. मार्चअखेर कोण उरलं त्यावर ठरवा.

आता त्याहून महत्त्वाचं. या महिन्यात, टणटणीला हात लावायच्या आधी, सगळा काठ एकदा गुडघ्यावर बसून पाहा. चालत नाही, बसून. टणटणीच्या बुडाशी, दगडाच्या सावलीत, जुन्या खोडाच्या बगलेत काय काय आपोआप आलंय ते बघा. जुन्या कापडाच्या चिंध्या बरोबर न्या आणि जे देशी रोप दिसेल त्याच्या शेजारी काडी रोवून चिंधी बांधा. मी पैजेवर सांगतो, तुम्ही लावून जगवलेल्या ४७ पेक्षा चिंध्या जास्त लागतील. ही रोपं त्याच मातीत बीपासून उगवलेली असतात. त्यांचं सोटमूळ सरळ खाली गेलेलं असतं. त्यांनी एक-दोन उन्हाळे कुणी पाणी न घालता काढलेले असतात. तुमच्या ओढ्याकाठी कोण जगू शकतं याचं उत्तर तिथे लिहून ठेवलेलं आहे आणि आपण त्याच्यावर पाय देऊन खड्डे घेतो. मी स्वतः घेतलेत.

ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी होत्या. १९६० च्या दशकात घराजवळच्या झाडीतलं परकं तण हाताने काढता काढता त्यांनी एक पद्धत बसवली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे नियम तीनच. जिथे देशी झाडी सगळ्यात चांगली आहे तिथून सुरुवात करायची आणि तिथून वाईट जागेकडे सरकत जायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि तण किती वेगाने काढायचं हे आपण ठरवायचं नाही, देशी रोपं मोकळी झालेली जागा किती वेगाने भरतात त्यावर ठरू द्यायचं. आपण सगळे याच्या बरोबर उलट करतो. सगळ्यात ओसाड, सगळ्यात ढासळलेला तुकडा डोळ्यांत खुपतो, म्हणून आधी तिथेच जीव ओततो. तुमच्या चारशे मीटरमध्ये दोन-चार जुनी झाडं अजून उभी असलेला एखादा तुकडा नक्की असेल. कामाची सुरुवात तिथून करा.

टणटणीचं सांगतो. वरून कोयत्याने कापली की दुप्पट फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक पद्धत आहे, कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली. बुंध्याशी जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फुटवे फुटतात तो भाग मुळाच्या वरच्या तोंडाशी असतो. तो तुटून उन्हात वाळला की पुन्हा फूट येत नाही. जमिनीत उरलेलं खालचं मूळ तसंच राहू द्या, ते कुजेपर्यंत माती धरून ठेवतं. खणून काढायची काहीच गरज नाही. काळी फळं धरायच्या आधी करा. आणि पाखरं बी आणतच राहणार, तेव्हा त्याच तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं फेरी ठेवावी लागेल.

पण उतारावरची टणटणी एकदम काढू नका. तिचा कितीही राग आला तरी आज तो उतार तिनेच धरलेला आहे. पाच-सहा हातांचा पट्टा मोकळा करा, तिथे गवत उभं राहू द्या, मग पुढचा पट्टा घ्या.

आता डावा काठ. काठ ऐन पुरात जितका पडतो त्याहून जास्त तो पुष्कळदा पूर ओसरताना पडतो. पाणी चढलेलं असतं तेव्हा ते काठाला बाहेरून टेकू देतं. पाणी झटकन उतरलं की टेकू जातो आणि भिजून जड झालेली माती स्वतःच्या वजनाने खाली बसते. त्यात पायथा धारेने पोखरलेला असला की संपलंच. त्यामुळे वर झाडं लावून पायथा सावरत नाही, पायथ्यापासूनच वर यावं लागतं.

पायथ्याशी, जिथे पुराची धार लागते, तिथे ताठ उभं राहणारं झाड नको. वाकणारं हवं. शेरणी (हे एक झुडूप) ओढ्याच्या पात्रातच दगडांच्या फटीत वाढते, पुरात आडवी होते आणि पाणी उतरलं की पुन्हा उभी राहते. तुमच्या ओढ्याला वरच्या अंगाला ती असेल तर ती पहिली आणा. वाळुंज आणा. ओल्या काठाचंच झाड आहे ते, आणि त्याच्या फांदीला ओल मिळाली की मुळं फुटतात. निर्गुडीचंही तसंच. अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन-अडीच फूट लांबीची फांदी सकाळी कापायची, खालचं टोक तिरकं करायचं म्हणजे उलट-सुलट होत नाही, बादलीभर पाण्यात सावलीत ठेवायची आणि त्याच दिवशी लावायची. खड्डा घ्यायचा नाही. पहारीने भोक पाडायचं, फांदी दोन तृतीयांश आत घालायची आणि भोवतीची माती टाचेने दाबायची. आत पोकळी राहिली तर फांदी वाळते, बहुतेक वेळा तीच चूक असते. दोन फांद्यांच्या मध्ये वाळ्याचे ठोंब लावा. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या मातीत दोन-तीन मीटरपर्यंत. लव्हाळा स्वतः येईल, त्याला येऊ द्या.

उताराच्या मधल्या भागात माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत एकही खड्डा घेऊ नये. दीड फुटाचा खड्डा म्हणजे उतारावर दीड फूट माती मोकळी करून पुराच्या हवाली करणं. तुमच्या खालच्या दोन ओळी रोपं कच्ची होती म्हणून गेल्या असं मला वाटत नाही. तिथे फक्त गवत आणि चिंधीवाली रोपं.

झाडं वरच्या काठावर. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, कळंब हे सगळे ओढ्याकाठचेच. कडुनिंब आणि बहावा वाईट नाहीत, पण त्यांचे पाय ओले नकोत, त्यांना शेताकडच्या अंगाला न्या. ओळीत लावू नका. जिथे एखादं जुनं झाड आहे त्याच्याभोवती पाच-सहाचा पुंजका करा. सावली, पालापाचोळा आणि पाखरांनी टाकलेलं बी तिथे आधीच असतं.

पिशवीतलं रोप लावायचंच असेल तर पिशवी उभी कापून काढा, तळाशी वेढा दिसला तर धारदार चाकूने तो वेढा कापून टाका आणि बाजूंनी दोन उभे छेद द्या. जीव कासावीस होतो, पण न कापलेलं मूळ वेढाच घेत राहतं. कंबरभर उंचीचं रोप मागू नका. पिशवीत जितकं जास्त दिवस राहिलं तितका वेढा मोठा. आणि पहिल्या सरीला लावायला धावू नका. हात घालून पाहा, वीतभर खाली ओल लागली की मग लावा.

शेताकडून पाण्याची घळ ओढ्यात पडते का तेही लिहा. त्यावर बोलायचं राहिलं आहे.

रानपाखरू (१५ एप्रिल)

माती_मुळं यांनी झाडांबद्दल लिहिलंच आहे. मी पाण्यातल्या जिवांकडे बघणारी आहे, म्हणून दोन गोष्टी.

ज्या ढासळत्या उभ्या काठाचा तुम्हाला त्रास आहे त्यात मूठभर आकाराची गोल भोकं आहेत का ते आधी बघा. खंड्या आणि वेडा राघू अशा उभ्या मातीच्या काठातच बीळ करून घरटं करतात, आणि वेड्या राघूंचा तर हाच हंगाम आहे. भोकं दिसली तर तो चार-पाच मीटरचा तुकडा आहे तसा सोडा, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी तिथे पहार नको. विहिरीच्या बाजूचा तुकडा नसला म्हणजे झालं.

दुसरं, डबक्यात पडलेली पानं काढून डबकी "स्वच्छ" करू नका. लहान ओढ्यातल्या जिवांचं पोट बरंचसं काठावरून पडणाऱ्या पानांवर चालतं. एखादं काळं पडलेलं करंजाचं पान पाण्यातून उचला आणि तळहातावर उलटं करा. त्याच्यावर काडीसारखं काहीतरी दिसेल, अर्ध्या बोटाएवढं. थोडं थांबा. ती काडी चालायला लागते. पानाचे तुकडे आणि वाळूचे कण रेशमाने एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळी केलेली अळी असते ती. नळीच्या तोंडातून डोकं आणि सहा पाय बाहेर काढून ती पान कुरतडते. ती अळी, तिच्यावर जगणारा मासा, त्या माशावरचा खंड्या, हे सगळं काठावरच्या झाडाच्या पानावर उभं आहे. शिवाय सावली गेली की उथळ पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून डबक्याच्या दक्षिण-पश्चिम अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन अडेल अशा जागी, एक उंबर नाहीतर करंज मोठं होऊ द्या. तुम्ही झाडं मोजता तशी एकदा डबक्यातली ही नळीवाली अळीही मोजून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा मोजा.

पहिला_पाऊस (१६ एप्रिल)

मला अनुभव कमी आहे, फक्त एका घन वनाच्या लागवडीत काम केलंय. तिथे मियावाकी पद्धतीने एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावली होती आणि दोन वर्षांत माणूस आत शिरणार नाही इतकी झाडी झाली. ओढ्याकाठी हेच केलं तर टणटणीलाही जागा उरणार नाही, असं वाटतं. चुकत असेन तर सांगा.

माती_मुळं (१६ एप्रिल)

प्रश्न चांगला विचारलात. ही पद्धत बसवणारे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचा मूळ आग्रह देशी झाडांचाच होता: त्या जागी माणसाचा हात लागला नसता तर कोणतं जंगल उभं राहिलं असतं ते शोधून तीच झाडं लावायची. तो आग्रह इथेही हवा. पण त्या लागवडीत आधी माती खोलवर मोकळी करून खत मिसळून तयार करतात. सपाट, पूर न येणाऱ्या जागेत ते चालतं. ओढ्याच्या उतारावर मोकळी केलेली माती पहिल्या पुरात जाते. आणि काठाला नुसती झाडं पुरत नाहीत. गवत, झुडूप, वेल, उघडा दगड, जनावराची वाट, पाखराचं बीळ, सगळ्याला जागा लागते. ओढ्याकाठी सगळीकडे दाट झाडी नसतेच. वरच्या काठावर, शेतालगत, सपाट पट्टा मिळाला तर तिथे एक छोटा तुकडा करून बघायला माझी हरकत नाही, पण पाणी घालणारी माणसं चार आहेत हे विसरू नका. चौरस मीटरला तीन म्हणजे दहा बाय दहा मीटरच्या तुकड्यातच तीनशे रोपं झाली.

ओढ्याकाठची (४ मे)

उशिरा लिहितेय, कारण सांगितलेलं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

माती_मुळं काका, आम्ही बसून पाहिलं. सात जण, तीन सकाळी, गुडघ्याखाली पोतं घेऊन. वरच्या अंगाच्या शंभर-सव्वाशे मीटरमध्येच ८३ चिंध्या लागल्या. मी मोजत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. करंज सगळ्यात जास्त. पाच उंबर, त्यातली दोन दगडी बंधाऱ्याच्या फटीतून आलेली. एक कळंब, जो आमच्यातल्या कुणालाच ओळखता आला नव्हता. पोस्टमन काकांनी पान घरी नेऊन वडिलांना दाखवलं, त्यांनी नुसत्या हाताच्या चाचपणीवरून सांगितलं. मागच्या जुलैत आमचा एक खड्डा एका करंजाच्या रोपापासून चार बोटांवर घेतलेला निघाला. त्या खड्ड्यातला अर्जुन मेला, शेजारचं करंज माझ्या मांडीपर्यंत आलंय. त्याच्याकडे त्या दिवशी शंभर माणसांपैकी एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही.

चराईवाला दादा, तुमच्यासारखं बोलणारं कुणीतरी आम्हाला दोन वर्षांपूर्वीच भेटायला हवं होतं. तीन घरांची जनावरं येतात. तिघांनाही भेटलो. त्यांनी सांगितलेली वाट आम्ही बंद करायचं ठरवलेल्या जागेतूनच जात होती. ती आता मोकळी राहील. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या की चिंध्यांचा रंग लाल ठेवा, लांबून दिसल्या की मी शेळ्या वरून वळवीन. सगळ्या चिंध्या बदलून लाल केल्या.

रानपाखरू ताई, डाव्या काठात अकरा भोकं आहेत. वेडे राघू आत-बाहेर करताना पाहिले. तो तुकडा विहिरीपासून लांब आहे, सोडून दिलाय.

संस्थेला कळवलं की हजार नकोत, एकशे वीस द्या, तीही वीतभर उंचीची, आणि जमलं तर पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी मदत करा. त्यांना ते जरा अवघड वाटलं, कारण रोपांचा आकडा दाखवता येतो, पाण्याचा येत नाही. विचार करून सांगतो म्हणाले. नाही म्हणाले तरी आम्ही एकशे वीसच लावणार.

घळीबद्दल विचारलं होतंत. हो, विहिरीच्या शेताच्या कोपऱ्यातून एक घळ थेट ओढ्यात पडते आणि बरोबर तिथेच काठ सगळ्यात खोल फाटलाय.

माती_मुळं (५ मे)

८३ हा आकडा वाचून उठून अंगणात एक फेरी मारून आलो.

घळ म्हणजे निम्मं दुखणं तिथेच आहे. शेतातलं पाणी एका जागी गोळा होऊन पडतं तोवर त्याच्या तोंडाशी काहीही लावा, टिकणार नाही. अमेरिकेच्या वनखात्यासाठी डेव्हिड वेल्श यांनी १९९१ मध्ये काठाच्या झाडीचा एक आराखडा मांडला होता. पाण्यालगत १५ फूट झाडी, तिला हात लावायचा नाही. तिच्यामागे ६० फूट झाडी. आणि शेताकडे २० फूट नुसतं गवत. एवढी जमीन आपल्याला कोण देणार, पण क्रम बघा. शेताकडून येणाऱ्या पाण्याला सगळ्यात आधी गवत भेटतं, झाड नाही. दाट गवतात पाणी पसरतं, वेग सोडतं, गाळ तिथेच ठेवतं. शेतकऱ्याला विचारा की बांधालगत पाच-सहा फूट गवताची पट्टी सोडतील का. विहीर त्यांचीच आहे, त्यांना पटेल. घळीत वरून खाली दगडांचे गुडघाभर आडवे बांध घाला, मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा म्हणजे पाणी बांधाच्या बगलेतून काठ खाणार नाही. वरच्या बांधापासून सुरुवात करा. हे पावसाच्या आधी होण्यासारखं आहे. रोपांच्या आधी हे करा.

ओढ्याकाठची (१९ मे)

घळीत चार बांध झाले, पाचव्याचे दगड जमा केलेत. शेतकरी दादांनी सहा फूट पट्टी सोडली, आणि वाळ्याचे ठोंब स्वतःच आणून देतो म्हणाले.

एक शेवटचं विचारते. जुन्या जांभळाखाली चिंधी क्रमांक ५१ आहे. तिथे एकाच जागी तीन काड्यांसारखी रोपं एकमेकांना चिकटून आली आहेत. पानं समोरासमोर, गुळगुळीत, कोवळी तांबूस, चुरगळली की जांभळाच्या पाल्याचाच वास. मी बोटाने वरची माती जराशी बाजूला केली तर तिन्ही एकाच जागेतून निघालेली दिसली, एकाच बीतून आल्यासारखी. असं होतं का? तिन्ही ठेवू?

माती_मुळं (१९ मे)

होतं. जांभळाच्या एका बीत पुष्कळदा एकाहून जास्त अंकुर असतात, म्हणून एका बीची दोन-तीन रोपं येतात. आणि त्या जुन्या झाडाखाली आता जांभळं पडतील तेव्हा बी वाळवून ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण जाते. ताजं असतानाच वरच्या काठावर पाल्याखाली बोटभर खोल टोचून द्या.

त्या तिघांना यंदाचा पावसाळा एकत्र काढू द्या. पाऊस संपताना सगळ्यात जाड बुंध्याचं जे असेल ते ठेवा आणि बाकीची दोन जमिनीलगत कात्रीने कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, ठेवायचं त्याचंच मूळ हलेल. आणि बाजूला केलेली माती आजच परत सारून ठेवा, वर मूठभर पाला टाका. ऊन अजून तीन आठवडे आहे.